दुरुस्तीला टाकलेली सायकल

३ फेब्रुवारी

ताई,

अक्षर ओळखू आलं नाही तर दोष तुझ्या चष्म्याचा नाही. हे मी डाव्या हाताने लिहिते आहे. उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे आणि त्याच बाजूचं गळ्याखालचं हाड पट्टीने आवळून ठेवलं आहे. पहिलीत सिस्टरांनी माझा डावा हात पाठीमागे ठेवायला लावून उजव्याने लिहायला शिकवलं होतं. तू मधल्या सुट्टीत आमच्या वर्गाच्या दारात येऊन विचारायचीस, "बारके, आज कोणत्या हाताने?" तो डावा हात इतकी वर्षं गप्प बसला होता. आता मोकळा झालाय तर अगदी पहिलीतलंच अक्षर काढतोय.

काळजीचं काही नाही. गेल्या महिन्याच्या शेवटी कामावर जाताना सायकलवरून पडले. रस्त्यावर खडी होती, पुढचं चाक घसरलं. डोक्याला काही लागलं नाही. दोन रात्री दवाखान्यात ठेवलं, मग घरी पाठवलं.

सात वर्षांत आपण एकमेकींना एक ओळ लिहिली नाही. आजही लिहिलं नसतं. पण दवाखान्यात चिरंजीवांनी विचारलं, "मावशीला कळवू का?" मी नको म्हणाले. त्याने मान हलवली, म्हणजे तो कळवणार. त्याच्या तोंडून ऐकलंस तर माझं काही खरं नाही असंच तुला वाटेल. म्हणून मीच लिहिते.

घरात सगळं आहे तसं आहे, फक्त एका हाताचं आहे. बरणीचं झाकण पायांत धरून उघडते. केसांना रबर लावता येत नाही, म्हणून मोकळे सोडले आहेत. आरशात बघितलं की शाळेच्या नाटकातली चेटकीण आठवते. संध्याकाळी चिरंजीव डबा घेऊन येतात, भांडी घासतात आणि चुकीच्या फडताळात ठेवतात.

कामावरची माणसं चांगली आहेत. मी अजून दातांच्या त्याच लॅबमध्ये आहे. मेणाचे, पोर्सिलीनचे दात घडवते, त्यांचा रंग शेजारच्या दाताशी जुळवते. माझं टेबल तसंच ठेवलंय, असं मालकांनी कळवलं.

प्लास्टर निघालं की पुन्हा सायकलने कामावर जायचं, एवढंच सध्या डोक्यात आहे. बाकी काही मागणं नाही.

तुला यायची गरज नाही.

तुझी धाकटी

१६ फेब्रुवारी

ताई,

खडी नव्हती. मागच्या पत्रात तसं लिहिलं, कारण खडीवर कोणी रागावत नाही.

तुझं कार्ड मिळालं. "हात उशीवर उंच ठेव. सायकलचं नाव काढू नकोस." खाली सही नाही. निवृत्त होऊनही वह्यांवर शेरे मारायची सवय गेली नाही म्हणायची. हात उंच ठेवते आहे. दुसऱ्या ओळीबद्दल नंतर.

झालं ते असं. माझ्या रस्त्यावर एक मोठा चौक आहे. तिथे मला उजवीकडे वळावं लागतं. आपल्याला सायकल शिकवणाऱ्या सिस्टर आठवतात ना? त्या शाळेच्या पटांगणात खडूने चौक आखायच्या, आणि आपण ओळीने एकेक सायकल घेऊन त्यात शिरायचो. हात खांद्याच्या रेषेत, बोटं जुळलेली, तळवा पुढे. मनात प्रार्थनेची एक ओळ म्हणायची आणि "आमेन"ला वळायचं. तेवढा वेळ मागच्याला पुरतो, असं त्या सांगायच्या. वळताना मागे बघितलं तर ओरडायच्या. "एकदा हात दाखवलास ना? मग समोर बघ. मागे बघणारी मुलगी पुढे आपटते."

मी आयुष्यभर तशीच वळत आले. त्या दिवशीही हात केला, आमेन म्हणाले आणि वळले. मागून स्कूटर आली आणि मी रस्त्यावर.

स्कूटरवाला वायरमन आहे. चाळिशीचा, पोट सुटलेला, खांद्याला वायरीचं भेंडोळं. तो माझ्यावर वाकून "मावशी, मावशी" करत होता आणि मला दिसत होता तो त्याचा वरचा पुढचा दात. कोपऱ्यावर तुटलेला, जुनी मोड. रस्त्यात आडवी पडले होते आणि मनात आलं ते हे की याला जरा पिवळट रंग लागेल, पांढरा शोभणार नाही. मग दुखायला लागलं.

परवा तो घरी आला. सफरचंदं घेऊन आला होता. दाराशी चपला काढून तसाच उभा राहिला. चिरंजीव होते. त्यांनी बस म्हटलं नाही. मी म्हटलं.

"मावशी, तुम्ही हात केलात ना," तो म्हणाला.

"वळायचं होतं मला."

"मला वाटलं तुम्ही म्हणताय, मी इकडूनच जाते बाबा, तू तिकडून पुढे जा. म्हणून मी तिकडून गेलो."

"असा ताठ हात करून कोण सांगतं, तिकडून जा?"

"आणि असा ताठ हात करून वळतं तरी कोण हो हल्ली?"

मला हसू आलं आणि ते हाड असं ठणकलं की डोळ्यांत पाणी आलं. तो घाबरला. मी चिरंजीवांना चहा टाकायला सांगितला. मला करता येत नसल्यामुळे त्यांना तो करावाच लागला. तिघांनी घेतला. वायरमन जाताना आमच्या जिन्यातला बंद पडलेला दिवा लावून गेला.

चूक कोणाची, हा प्रश्न पोलिसांनी विचारला होता. मी सांगितलं, दोघांची शाळा वेगळी. त्यांनी काही लिहून घेतलं नाही.

धाकटी

९ मार्च

ताई,

प्लास्टर निघालं. आतला हात दुसऱ्याच कोणाचा तरी वाटला. बारीक, पांढरट, कातडीचे पापुद्रे सुटलेले. आता व्यायाम चालू आहेत. व्यायाम करून घेणारी बाई माझ्या निम्म्या वयाची आहे आणि तिला मी मनात हवालदारीण म्हणते. कुलपात किल्ली फिरवल्यासारखं मनगट फिरवायचं. पाण्याचा अर्धा पेला ओतायचा. टॉवेल पिळायचा. काल मी टॉवेल पिळला तर ती म्हणाली, "आजी, हे पिळणं नाही, हे कुरवाळणं आहे." मी आजी नाही, अजून नोकरी करते, असं तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग पिळा."

हे अक्षर उजव्या हाताचं आहे. ओळी खाली घसरतात तेवढं सोड.

काल संध्याकाळी मी चिरंजीवांना विचारलं, "सायकल कुठे आहे?"

तो उठला आणि नळ घट्ट बंद आहे का ते बघू लागला. पाठमोराच म्हणाला, "दुरुस्तीला टाकलीय. त्या मापाची रिम मिळत नाहीये."

त्या मापाची रिम कोपऱ्यावरच्या दुकानात टांगलेली असते. मी म्हणाले, "बरं."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत नव्हते, ताई, आणि तू पहिल्यांदा वाचत नाहीस.

आता लिहायला बसलेच आहे तर ते सगळं माझ्या बाजूने लिहून काढते. तुझी बाजू मी कधी विचारलीच नाही, तेव्हा निदान माझी तरी नीट मांडू दे. बाबा तुझ्याकडे होते. अठ्ठ्याहत्तरीतही रोज सकाळी सायकल काढून वाचनालयात जायचे. जन्मभर सायकलवर दारोदार फिरून पाण्याचे मीटर वाचलेला माणूस तो, त्यांना चालणं कमीपणाचं वाटायचं. दोनदा पडले. दुसऱ्यांदा बसच्या पुढे पडले, आणि ती बस थांबली हे नशीब. मग तू त्यांची सायकल पेपरवाल्याला देऊन टाकलीस आणि त्यांना सांगितलंस, दुरुस्तीला टाकली आहे. ते रोज विचारायचे, "झाली का गं?" तू रोज सांगायचीस, "नाही बाबा, रिम मिळत नाहीये." ते हळूहळू खुर्चीतच बसायला लागले. वर्ष झालं नाही तोवर गेले.

हे मला ते गेल्यावर कळलं, तेही पेपरवाल्याकडून. मी स्वयंपाकघरात येऊन तुला जे बोलले ते इथे पुन्हा लिहीत नाही. ते तुझ्या हातून गेले, असा त्याचा अर्थ होता आणि तो तुला बरोबर कळला.

माफी मागायला लिहीत नाही. त्या माणसाला असं फसवायला नको होतं, हे मला अजून वाटतं. काल माझ्या मुलाने मला तेच वाक्य ऐकवलं, आणि ते ज्याला ऐकायला लागतं त्याला ते कसं लागतं हे आता आपल्या दोघींत मला एकटीला ठाऊक आहे. एवढंच कळवायचं होतं.

धाकटी

२८ मार्च

ताई,

तुझं उत्तर नाही. अपेक्षा नव्हती. मागचं पत्र पेटीत टाकताना ते थोडं जास्त झालं असं वाटलं होतं, पण पेटीत हात घालून काढता येत नाही आणि माझा हात तर अजिबातच नाही.

सोमवारपासून कामावर जाते. दोन बस बदलून. पहिल्या बसमध्ये बसायला मिळतं, दुसरीत नाही. डाव्या हाताने दांडी धरून उभी राहते आणि उजवा पोटाशी घेते, तर लोक समजतात पोट दुखतंय आणि जागा देतात. लॅबमध्ये पहिल्या दिवशी एक दाढ घडवायला घेतली. मेण कोरताना सुरी दोनदा घसरली. मालकांनी ते बघितलं. दुपारी त्यांनी स्वतः ती दाढ पुरी केली. मला रंग जुळवायला बसवलं. रंगाला मनगट लागत नाही.

पण लिहायला बसले ते वेगळ्यासाठी.

चिरंजीव दर दोन-तीन दिवसांनी सायकलचा विषय आपणहून काढतात. रिमचा दुकानदार गावाला गेला होता. मग रिम आली पण चाकाच्या तारा नाहीत. गोष्ट इतकी वाढली आहे की तिच्यात आता दुकानदाराची सासूही आजारी आहे. मी प्रत्येक वेळी म्हणते, "बरं." बसमध्ये उभी असताना विचार केला, मी बरं का म्हणते? मला भांडता येत नाही असं नाही. तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे ते.

तर ते असं आहे. खोटं बोलताना तो नळाकडे बघतो. पाचवीत वही हरवली होती तेव्हाही नळाकडे बघायचा. त्याच्या त्या पाठीकडे बघून मला त्याला तोंडघशी पाडायचं धाडस होत नाही. तो थकून येतो, डबा आणतो. एवढं एक खोटं त्याला नीट सांभाळता यावं, असं वाटतं. म्हणून बरं.

मग बाबा डोळ्यांपुढे आले. जन्मभर मीटर वाचलेला माणूस, ताई. काटा अडकवून ठेवलेलं घर त्यांना फाटकातच कळायचं. जेवताना सांगायचे ना आपल्याला? "आज त्या कोपऱ्यावरच्या घरी म्हणाले, साहेब, मीटर दुरुस्तीला टाकलाय." आणि हसायचे. लोकांनी त्यांना किती वर्षं हेच सांगितलं. आणि तू त्यांना काय सांगितलंस?

त्यांना कळलं नसेल, हे शक्य नाही. पहिल्या दिवशीच कळलं असणार.

मी सात वर्षं तुझ्यावर धरून होते ते हे, की तू त्यांना फसवलंस. ते फसलेच नव्हते, तर मग मी काय धरून बसले होते ते मला आता नीट सांगता येत नाही.

पण एक कोडं राहतं. ठाऊक होतं तर रोज विचारायचे का? मी तर विचारत नाही, नुसती बरं म्हणते. तू समोर होतीस. विचारताना त्यांचा चेहरा कसा असायचा? मला याचं उत्तर हवं आहे. पत्रात नको असेल तर नको लिहूस, पण कधीतरी, कसंही सांग.

बारकी

१४ एप्रिल

ताई,

फोनवर तुझा आवाज ओळखला नाही. वाटलं बँकेतून आहे. "मी बोलतेय" म्हणालीस तेव्हा मी "कोण मी?" म्हणाले आणि तू म्हणालीस, "तुझ्या पत्रांत व्याकरणाच्या बऱ्याच चुका आहेत." मग ओळखलं.

तू सांगितलंस ते मी इथे पुन्हा लिहून ठेवते, माझ्या अक्षरात. मला ते दोनदा ऐकायचं होतं आणि फोनवर पुन्हा विचारायची लाज वाटली.

तू आणि बाबा खिडकीशी उभे होता. सकाळची वेळ. पेपरवाला आला तो बाबांच्याच सायकलवर. तीच घंटी, कॅरिअरला त्यांनीच गुंडाळलेली तीच निळी पट्टी. बाबा गजांना धरून थोडे वाकले आणि तो पार वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले. मग आत वळले आणि तुला विचारलं, "आपली झाली का गं दुरुस्त?" तुझ्या तोंडून निघून गेलं, "नाही बाबा, रिम मिळत नाहीये." ते म्हणाले, "सावकाश होऊ दे. घाई नाही." आणि चहा मागितला.

हे तू सात वर्षं कोणाला सांगितलं नाहीस. सांगायला माझ्याशिवाय होतं कोण, आणि मी तर बोलत नव्हते.

तू म्हणालीस, "ते मला टोचायला विचारायचे. रोज. मरेपर्यंत." आणि तुझा आवाज असा झाला की मी फोन कानापासून जरा लांब धरला.

फोनवर घाईत खोटं बोलायचं नव्हतं. आता विचार करून लिहिते. थोडं टोचायला विचारत असतील. मी बरं म्हणते त्यातही थोडं टोचणं असतंच, मला ते माझ्याच आवाजात ऐकू येतं. पण फक्त टोचायचं असतं ना, तर त्या सकाळी त्यांनी बोट दाखवलं असतं. समोरून सायकल जात होती. एवढी सोपी संधी सोडून ते म्हणाले, सावकाश होऊ दे. तुला त्यांनी त्या दिवशी मोकळी सोडली, ताई. मी त्याच जागी बसले आहे म्हणून सांगते. लांबून बोलले होते तेव्हाचं माझं सगळं चूक होतं असं नाही, पण हे लांबून दिसत नव्हतं.

त्याच संध्याकाळी चिरंजीव आले. डबा ठेवला. मी विचारलं, "तारा मिळाल्या का?"

"मिळतील या आठवड्यात, तो दुकानदार म्हणतो..."

"बस खाली. दुकानदार राहू दे, त्याच्या सासूला बरं वाटू दे. सायकल तुझ्या इमारतीच्या तळघरात आहे ना? दुसरीकडे कुठे ठेवणार तू?"

तो नळाकडे निघाला होता, तो परत येऊन बसला. "चादर घालून ठेवलीय," म्हणाला.

"चादर कशाला, सर्दी होते तिला?"

"नको चालवूस, आई."

"हे असं म्हणायचं होतंस."

"म्हटलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नसतं. पण भांडले असते. तुझे आजोबा भांडलेच नाहीत. गोड बोलत राहिले आणि आम्ही दोघी बहिणी उरलो एकमेकींचं तोंड न बघायला. मला गोड बोलून मरायचं नाही."

मग आम्ही भांडलो. डबा गार झाला. त्याने मला हट्टी म्हटलं, मी त्याला तुरुंगाचा जेलर म्हटलं. शेवटी त्याने सांगितलं. त्या दिवशी माझ्या फोनवरून त्याला फोन गेला, तो वायरमनने केला होता. परका माणूस, आणि तो म्हणाला, "तुमच्या आई रस्त्यावर आहेत." एवढंच. पुढचं त्याला धाप लागल्यामुळे बोलता येईना. ते वाक्य आणि पुढचं वाक्य यांच्यात जेवढा वेळ गेला, तेवढ्यात मी मेले होते, असं चिरंजीव म्हणाले. अजून रोज एकदा मरते म्हणाले.

बसच्या पुढे पडलेल्या बाबांना तू उचललं होतंस, तेव्हा तुझ्याकडेही असंच काहीतरी असणार, आणि मी तेही विचारलं नव्हतं.

ठरलं ते असं. रविवारी त्याने सायकल आणली. रिम पहिल्या आठवड्यातच बदलून घेतली होती, चोराने. आता ती माझ्या दारामागच्या बोळात उभी आहे. दर रविवारी त्याने पुढचं चाक उचलून हाताने जोरात फिरवायचं, मी उजव्या हाताने ब्रेक दाबायचा, आणि चाक जागच्या जागी थांबलं तर मी चालवायची. चौकात उतरून, हातात धरून, माणसांबरोबर चालत पलीकडे जायचं. ही अट मी मान्य केली. हात दाखवून वळायचं मी सोडलं, सिस्टर मला माफ करोत.

चाक अजून थांबलेलं नाही. गेल्या रविवारी ते दोन फेरे फिरून थांबलं, त्याला थांबणं म्हणत नाहीत. सकाळ-संध्याकाळ बोळात उभी राहून ब्रेक दाबते. बोटं टेकतात, जोर येत नाही. हवालदारीण म्हणते येईल, कदाचित पूर्ण येणार नाही. नाही आला तर नाही. तेव्हा सायकल मीच देऊन टाकीन, आणि कोणाला दिली ते सगळ्यांना सांगून देईन. मला वाईट वाटेल. पण ते माझ्या मनगटामुळे असेल आणि मला माहीत असेल.

तू पुढच्या रविवारी येते म्हणालीस. सकाळच्या गाडीने ये, म्हणजे ब्रेकच्या वेळी तू हजर असशील. तुझं मत काय आहे ते कार्डावर वाचलंय, तरी समोर सांग. मी ऐकणार नाही आणि रागावणारही नाही. दुपारी चिरंजीव घरी जातील. मग दार लोटून बसू. त्या दिवशी स्वयंपाकघरात मी एकटीच बोलले होते. तुझं बोलायचं राहिलंय.

बारकी